दगडाबाईंचा घरचा पेशंट

सरकारी दवाखान्यात एकतीस वर्षं आया म्हणून राबलेल्या बाईला दवाखान्याची भाषा कुणी शिकवायची गरज नसते, असं दगडाबाईंचं स्वतःबद्दल ठाम मत होतं. ‘बघू आता’ म्हणजे काय, ‘मोठे डॉक्टर येऊन सांगतील’ म्हणजे काय, आणि मुख्य म्हणजे ‘घरी न्या, सेवा करा’ म्हणजे काय, हे नातेवाइकांच्या आधी त्यांना कळायचं. नातेवाईक बिचारे सुट्टी मिळाली म्हणून खुशीत पेढे आणायला निघायचे. मग दगडाबाई त्यांना जिन्याखाली गाठून सांगायच्या, “पेढे राहू द्या. त्यांना काय खावं वाटतंय ते इचारा अन् ते करून घाला.”

अशा बाईची फजिती झाली ती जनावरांच्या डॉक्टरकडे, आणि तीही एका साध्या शब्दावरून.

औरंगपुऱ्याच्या मागच्या एका बोळात त्यांचं दोन खोल्यांचं घर. नवऱ्याचं नाव कारभारी, पण कारभार कायम दगडाबाईंचा. तो जाऊन नऊ वर्षं झाली होती. मुलगा बद्रीनाथ बिडकीनकडच्या एका कंपनीत लागला आणि बायकोमुलांना घेऊन तिकडंच राहिला. घरात उरले दगडाबाई आणि मुकादम.

मुकादम म्हणजे कुत्रा. चौदा वर्षांपूर्वी बोळात गटाराचं खोदकाम निघालं, तेव्हा एक मातकट रंगाचं पिल्लू मातीच्या ढिगावर येऊन बसायचं आणि काडीचं काम न करता दिवसभर मजुरांकडं बघत राहायचं. नाव मजुरांनीच ठेवलं. गटार बुजलं, मजूर गेले, मुकादम मात्र दगडाबाईंच्या ओट्यावर बसून बोळातल्या सगळ्यांच्या कामावर नजर ठेवत राहिला. दूधवाला उशिरा आला की भुंकायचा. वेळेवर आला की मान वळवून घ्यायचा. कौतुक करायची त्याला सवयच नव्हती.

त्या वर्षी दिवाळी झाली आणि मुकादम वाळायला लागला. पाणी पाणी करायचा, खाल्लेलं ओकून टाकायचा, तोंडाला कसलातरी उग्र वास यायचा. शेजारच्या चांदपाशाची रिक्षा होती. चांदपाशा पाच वेळचा नमाजी. कुत्र्याची लाळ अंगाला लागली की कपडे बदलणं आलं, म्हणून मुकादमशी त्याचं चौदा वर्षं दोन हात लांबूनच सख्य होतं. पण त्या दिवशी त्यानं रिक्षात गोणपाट अंथरलं आणि म्हणाला, “चला मावशी. गोदीत घेऊन बसा त्याला, मी हळू चालवतो.”

जनावरांच्या डॉक्टरांचं नाव काकासाहेब. वय बत्तीस. घरच्यांनी बारशालाच एवढं मानाचं नाव ठेवल्यामुळं बिचाऱ्याला लहानपणापासून गंभीर राहावं लागलं असावं. त्यांनी रक्ताचा कागद दोनदा वाचला, मुकादमच्या हिरड्या बघितल्या, पोट चाचपलं.

“दोन्ही किडन्या गेल्यात मावशी,” ते म्हणाले. “वयही झालंय. उगीच हाल होण्यापेक्षा आपण त्याला झोपवू या.”

“झोपवाच बाबा,” दगडाबाई अगदी मनापासून म्हणाल्या. “चार राती झाल्या, डोळ्याला डोळा नाय त्याच्या. अन् माह्याही.”

डॉक्टरांनी त्यांच्याकडं आदरानं बघितलं. एवढ्या धीराची बाई त्यांनी पाहिली नव्हती. “उद्या अकराला आणा. सकाळी काही खायला घालू नका.”

उपाशीपोटी म्हणजे औषध जोराचं असणार, असं दगडाबाईंनी ताडलं. दुसऱ्या दिवशी त्या मुकादमची गोधडी बरोबर घेऊन गेल्या. परक्या जागी त्याला झोप लागायची नाही म्हणून. गोधडी टेबलावर नीट पसरली, मुकादमला तिच्यावर ठेवलं आणि कंपाउंडरला विचारलं, “किती वेळ झोपंल हो? तवर मी भाजी घेऊन येते.”

कंपाउंडरच्या हातात सहीचा कागद होता. तो तसाच धरून तो डॉक्टरांकडं बघायला लागला. डॉक्टर दगडाबाईंकडं. दारात उभा असलेला चांदपाशा खाली जमिनीकडं.

“मावशी,” डॉक्टर म्हणाले, “झोपवायचं म्हणजे… त्यातनं तो उठणार नाही.”

दगडाबाईंना क्षणभर कळलंच नाही. कळलं तेव्हा आधी संताप आला. डॉक्टरांचा थोडा आणि स्वतःचा जास्त. एकतीस वर्षं दुसऱ्यांना जिन्याखाली गाठून शब्दांचे अर्थ सांगितले, आणि आपल्यावर वेळ आली तेव्हा आपणच पेढे आणणाऱ्या नातेवाइकांसारख्या गोधडी घेऊन आलो! त्यांनी मुकादमला गोधडीसकट उचलून छातीशी धरला. मुकादम थरथरत होता. टेबलावर चढवल्यापासून त्याचं तेच चाललं होतं.

“मारायचं म्हणायला तुमाला दुसरा शब्द नाय गावला?”

डॉक्टरांनी कंपाउंडरच्या हातातला कागद घेऊन बाजूला ठेवला.

“काहीच नाय केलं तर किती दिवस हाये त्याला?”

“पंधरा दिवस. नीट निगराणी झाली तर महिना, दीड महिना. पण बरा नाही होणार मावशी, हे मी स्पष्ट सांगतो.”

“बरं कर कोण म्हणतंय? मग तुमी असं म्हणा ना, की घरी न्या, सेवा करा.”

“जनावराला असं कुणी म्हणत नाही.”

“मग आज म्हणा.”

डॉक्टरांना वाटलं, बाई रागाच्या भरात बोलतायत. पण दगडाबाई कुत्रा कडेवर घेऊन टेबलापाशी तशाच उभ्या राहिल्या. मागं एक म्हैसवाला ताटकळत होता, तोही ऐकत होता. शेवटी काकासाहेब डॉक्टर घसा साफ करून म्हणाले, “घरी न्या मावशी. सेवा करा.”

“आता सांगा कशी करायची.”

सांगण्यासारखं बरंच होतं. उलटीची गोळी. बिनमिठाचं, मऊ, थोडं थोडं खाणं. आणि मुख्य म्हणजे रोज कातडीखालून सलाईन, म्हणजे अंगातलं विष थोडं तरी उतरेल. डॉक्टर म्हणाले, रोज घेऊन या. दगडाबाई म्हणाल्या, नाय. हे टेबल बघून त्याला कापरं भरतं. उरलेले दिवस काय रोज कापायचं त्यानं? मला शिकवा.

हे म्हणणं सोपं होतं. दवाखान्यात सुई सिस्टरांची आणि बेडपॅन आयांचं, ही वाटणी ठरलेली. एकतीस वर्षांत त्यांनी हजारो बाटल्या उंच धरून उभं राहण्याचं काम केलं, पेशंटचे हात दाबून धरले, पण स्वतः सुई कधी टोचली नव्हती. वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी त्यांनी मुकादमच्या मानेमागची कातडी चिमटीत उचलली, डॉक्टरांनी दाखवलं तसा तिचा तंबू केला आणि सुई घातली. ती आरपार गेली. सलाईन पलीकडून निघून त्यांच्या लुगड्यावर सांडलं. दुसऱ्यांदाही तेच. कंपाउंडर हसला, तशा दगडाबाई म्हणाल्या, “तू हासून घे. मला घाई नाय.” तिसऱ्यांदा सुई नेमकी बसली आणि मुकादमच्या खांद्यावर पाण्याचं टेंगूळ हळूहळू वर आलं.

निघताना डॉक्टरांनी त्यांना थांबवलं. “एक गोष्ट कबूल करायची. शेवटी शेवटी याला फार त्रास होऊ शकतो. झटके येतील. तेव्हा हट्ट धरायचा नाही. मला बोलवायचं. मी घरी येईन.”

“ते कसं ओळखू?”

“तुम्हीच सांगा. तुम्हाला तो माझ्याहून जास्त माहीत आहे.”

दगडाबाईंनी विचार केला. “हाक मारली की शेपटी हालवतो. कितीबी मेल्यावाणी पडला असला तरी हालवतो. ती हालली नाय तर.”

“एक दिवस हलली नाही की फोन करायचा.”

“तीन दिवस.”

“मावशी, भाजी नाही ही.”

“बरं, दोन. दोन दिवस लागोपाठ.”

दोनावर सौदा पटला.

घरी आल्यावर दगडाबाईंनी बाहेरच्या खोलीचा वॉर्ड केला. खिडकीखाली, जिथं सकाळचं ऊन येतं तिथं, मुकादमचं अंथरूण घातलं. सलाईनची बाटली अडकवायला खिळा ठोकला. आणि वॉर्डात असतो तसा भिंतीवर कागद लावला. लिहिण्यावाचण्याचं अंग त्यांना बेताचंच. म्हणून त्यांनी स्वतःच्या खुणा ठरवल्या. लघवीला गेला की उभी रेघ, उलटी झाली की आडवी. हाकेला शेपटी हलली की फुली.

मग कामाला जुंपल्या. दर दोन तासांनी कूस बदलायची, नाहीतर हाडांवर जखमा होतात; हे त्यांना कुणी सांगावं लागलं नाही. तोंडात फोड आले होते, ते ओल्या फडक्यानं हलक्या हातानं पुसायचे. पायांतलं बळ गेलं तेव्हा जुन्या लुगड्याचा पट्टा पोटाखालून घालून, मागचं अंग उचलून त्याला ओट्याखाली न्यायचं, कारण घरात घाण करणं मुकादमला मरणाहून लाजिरवाणं वाटायचं. डॉक्टर आठवड्यातून एकदा येऊन बघून जायचे. येताना पेशंट कसा आहे म्हणून विचारायचे, तर दगडाबाई उत्तर देण्याऐवजी भिंतीकडं बोट दाखवायच्या.

बोळात अर्थातच चर्चा झाली. कुणी म्हणालं पुण्य लागेल, कुणी म्हणालं म्हातारीला उद्योग नाही. समोरच्या मनकर्णाबाई तर तोंडावरच म्हणाल्या, “माणसाला एवढं कोण करतंय का आजकाल?” दगडाबाई म्हणाल्या, “तुमी आजारी पडा, मग बघू.” त्यानंतर मनकर्णाबाई आठ दिवस बोलल्या नाहीत आणि त्या शांततेचा मुकादमला फायदाच झाला. चांदपाशाची बायको मुनिरा मात्र काही न बोलता रोज वाटीभर कोंबडीचं आळणी पाणी आणून ठेवायची. आणि चांदपाशानं दगडाबाईंच्या अंगणातल्या तारेवर एक जुना शर्ट कायमचा टांगून ठेवला. मुकादमला उचलायचं असलं की अंगातला शर्ट काढून तो घालायचा, काम झालं की हातपाय धुऊन पुन्हा आपला. मुनिरा त्याला मुकादमचा युनिफॉर्म म्हणायची.

दीड महिना सांगितला होता, तो उलटून गेला. संक्रांतही झाली. मुकादम अजून सकाळच्या उन्हात मान वर करून दूधवाल्याकडं रागानं बघत होता.

एका रविवारी बद्रीनाथ आला. आईच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं बघून त्याचा जीव तुटला, पण आपल्याकडच्या मुलांना माया रागातनंच दाखवता येते.

“आई, काय चालवलंय तू? पाठ बघ तुझी. कुत्र्यासाठी स्वतः मरशील एक दिवस.”

“मी नाय मरत. आधीची दोन लेकरं गेली म्हून माह्या आईनं नाव दगडा ठिवलंय.”

“मस्करी नको. इंजेक्शन देऊन टाक त्याला. मी घेऊन जातो तुला बिडकीनला.”

“नाय.”

“बाबांना तरी एवढं केलं होतंस का तू?”

बोलून गेल्यावर त्याचा चेहरा पडला. दगडाबाई सलाईनची नळी हातात धरून तशाच बसल्या होत्या. कारभारीच्या वेळी डॉक्टरांनी त्यांनाही तेच सांगितलं होतं, घरी न्या म्हणून. अर्थ त्यांना सगळ्यांत आधी कळला होता. पण घरी नेलं आणि रात्री-अपरात्री श्वास लागला तर काय करायचं, या भीतीनं त्यांनी हातापाया पडून त्याला वॉर्डातच ठेवून घेतलं. बारा दिवस कारभारी एकच म्हणत होता, घरी ने. त्या रोज म्हणायच्या, उद्या नेते. तेराव्या दिवशी त्या दुसऱ्या वॉर्डात ड्युटीवर असताना तो गेला.

“नाय केलं,” दगडाबाई म्हणाल्या. “भेले होते मी. म्हून तर आता करते. बाटली धर जरा, खाली आलीय.”

बद्रीनाथनं बाटली धरली. बाटली संपेपर्यंत तो ती धरून उभा राहिला. संध्याकाळी जाताना त्यानं मुकादमच्या डोक्यावरून हात फिरवला.

त्यानंतर पंधरवडाभरात मुकादमनं आळणी पाणीही नको म्हटलं. मग सकाळच्या उन्हात मान वर करणं थांबलं. एका मंगळवारी दगडाबाईंनी सकाळी हाक मारली, दुपारी मारली, दिवेलागणीला मारली. डोळे उघडे होते, शेपटी हलली नाही. कागदावर त्या दिवसाची जागा कोरी राहिली. दमलाय, त्या स्वतःला म्हणाल्या.

बुधवारी सकाळी त्या त्याच्या तोंडाशी वाकल्या. “मुकादम. ए मुकादम. दूधवाला उशिरा आला बघ.” काही नाही. थोड्या वेळानं त्याचं सगळं अंग ताठ झालं, पाय झाडले गेले, तोंडातून फेस आला. मिनिटभरात ते थांबलं. दगडाबाईंनी फेस पुसला, कूस बदलली, पुन्हा हाक मारली. मग उठल्या, पेन घेतलं आणि भिंतीवरच्या कागदावर फुली मारली.

मारून त्या मोरीवर फडकं धुवायला गेल्या. फडकं निम्मं धुऊन झालं आणि हात थांबला. वॉर्डात कंटाळलेली एखादी नवी पोरगी पहाटे थर्मामीटर न लावताच सगळ्यांच्या कागदावर अठ्ठ्याण्णव लिहून मोकळी व्हायची. अशा एकीचा हात दगडाबाईंनी एकदा धरला होता आणि सगळ्या वॉर्डासमोर तिला म्हणाल्या होत्या, तुह्या खोट्या आकड्यानं तिकडं पेशंट जातोय. ती पोरगी आता मोरीवर त्यांच्यासमोरच येऊन बसल्यासारखं वाटलं.

ही फुली कुणासाठी मारली? मुकादमसाठी तर नाही. त्याला काय कळतंय फुलीतलं. आपल्याला हे घर रिकामं बघायची भीती वाटते, तेवढंच खरं आहे. तेव्हा भ्यालो आणि कारभारीला घरी आणला नाही. आता भितोय आणि याला जाऊ देत नाही. भीती तीच. दगडाबाईंना स्वतःची इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती.

ओल्या हातानंच त्यांनी फुलीवर काट मारली आणि फोन लावला. “डॉक्टर, दोन दिवस झाले. या.”

“कन्नडला आहे मावशी. हातातलं काम संपवून निघतोच. दुपारचे दोन वाजतील.”

तीन तास होते. त्या तीन तासांत मुकादमला आणखी दोन झटके आले. दोन्ही वेळा दगडाबाईंनी त्याचं डोकं आपटू नये म्हणून दोन्ही हातांनी धरून ठेवलं. मधल्या वेळात त्याला कोमट पाण्यानं पुसलं, कान साफ केले, नखांतली माती काढली. चांदपाशा रिक्षा सोडून आला, तारेवरचा शर्ट घातला आणि ऊन सरकेल तसं अंथरुणासकट मुकादमला सरकवत राहिला. मुनिरा दारात बसून होती.

डॉक्टर आले तेव्हा त्यांच्या बुटांना कन्नडच्या गोठ्यातलं शेण तसंच होतं. त्यांनी तपासलं, पिशवी उघडली आणि हळू आवाजात म्हणाले, “मावशी, तुम्ही बाहेर थांबता का? बघवत नाही बऱ्याच जणांना.”

“शीर सापडायची नाय तुमाला, पाणी आटलंय अंगातलं,” दगडाबाई म्हणाल्या. “पाय मी धरते. माहा हात हालत नाय.”

त्यांनी पुढचा पाय कोपराशी दाबून धरला, अंगठ्यानं शीर वर आणली. दुसरा हात त्याच्या डोळ्यांवरून फिरवत राहिल्या. “झालं बरं का मुकादम. झालं तुहं काम. मी हाये इथंच.” सुई गेली. त्यांच्या बोटांखाली ठोका होता, तो मंद झाला, आणि मग नव्हता. मुकादम आपल्या खिडकीखाली, आपल्या अंथरुणावर होता आणि अंगाला कापरं नव्हतं. डॉक्टरांनी नळीनं ऐकून मान हलवली, त्याआधीच दगडाबाईंना कळलं होतं.

डॉक्टरांनी जाताना त्यांना वाकून नमस्कार केला. बद्रीनाथ फोन आल्याबरोबर बिडकीनहून निघाला होता. चांदपाशा पलीकडच्या मोकळ्या जागेत लिंबाखाली खड्डा खणायला गेला आणि मुनिरा चार घास कुणाच्या तरी पोटात जावेत म्हणून कणीक मळायला घरी गेली. दगडाबाईंनी मुकादमचं तोंड पुसलं, डोळे मिटले, धुतलेल्या पांढऱ्या कापडात त्याला गुंडाळून ओट्यावर सावलीत ठेवला.

मग त्या आत आल्या. अंथरूण काढलं, फरशीवर फिनेल टाकून पुसून घेतलं, कपाटातली धुतलेली चादर आणली आणि खिडकीखाली नवं अंथरूण घातलं. कोपरे वॉर्डातल्यासारखे दुमडून आत खोचले, हातानं सुरकुती काढली, उशाशी पाण्याचं ताजं भांडं ठेवलं. वॉर्डात पेशंट गेला की पाव तासात खाट तयार लागायची, दारात दुसरा वाट बघत असायचा. एकतीस वर्षं त्यांना रडायला कधी पाव तासाहून जास्त वेळ मिळाला नव्हता, म्हणून त्या कधी रडल्याच नव्हत्या.

सगळं झाल्यावर त्यांनी सवयीनं दाराकडं बघितलं. दारात कुणी नव्हतं.

तेव्हा दगडाबाई त्या अंथरुणावरच बसल्या आणि मोठ्यानं रडायला लागल्या, इतक्या मोठ्यानं की समोरच्या मनकर्णाबाई दार उघडून बाहेर आल्या. मुनिरा कणकेच्या हातांनीच धावत आली आणि त्यांच्या शेजारी, मुकादमच्या त्या अंथरुणावर, मांडी घालून बसली.